एर्सिलियाचे हललेले फोटो

आमच्या डोंगरातल्या गावात कपडे शिवायचे तर एर्सिलियाकडेच. नवरा लवकर गेला. एकुलती एक मिरेला शिकून जर्मनीत गेली आणि तिथलीच झाली. ती फुलपाखरांचा अभ्यास करते. रविवारी तिचा फोन यायचा, पण जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढ्यावरच संपायचा.

एका जुलैत ओकच्या रानात एर्सिलियाच्या घामेजल्या मनगटावर मोठं तपकिरी फुलपाखरू येऊन बसलं. पंखांवर पांढुरका पट्टा. मग ते खोडावर गेलं, पंख मिटले आणि सालीत दिसेनासं झालं. तिनं सहज लेकीला सांगितलं, आणि त्या रविवारी मिरेला कितीतरी वेळ बोलत राहिली. असंच दिसणारं, जरा लहान, दुसरंही एक असतं म्हणे. पट्ट्याची कड कशी होती? फोटो पाठव.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही दोघी शेजारणी रानात. मी कंटाळायचे, ती खोडासमोरून हलायची नाही. तिचे फोटो नेहमी हललेलेच यायचे. एकदा मात्र माझ्याकडून अगदी स्वच्छ फोटो निघाला. पट्टा, कड, डोळ्यासारखा ठिपका, सगळं त्यात होतं.

"हाच पाठवते तिला," मी म्हणाले.

"हा नको. माझा तो हललेला पाठव."

"डोकं फिरलंय का तुझं? त्यात तिला काय कळणार?"

"कळलं तर ती येईल कशाला?"

मी हललेला फोटो पाठवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मिरेला खरंच आली, दोन दिवसांसाठी. नेमकं आभाळ भरलेलं. अशा हवेत ही फुलपाखरं बाहेर पडत नाहीत. तरी मायलेकी भाकरी-चीज बांधून दिवसभर रानात बसल्या.

संध्याकाळी मिरेला माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, आई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. फोटो बरे हलतात तिचे."

मी शेंगा सोलत राहिले. "ओळखलंस तर बोलली का नाहीस?"

"मलाही निमित्त लागतं गं. नुसतं भेटायला आले, तर परत निघताना तिच्या तोंडाकडे बघवत नाही."

सकाळच्या बसने ती गेली. दुपारी लख्ख ऊन पडलं. एर्सिलिया मला ओढतच रानात घेऊन गेली. पहिल्याच झाडावर ते बसलं होतं, हात लावावा इतक्या जवळ. मी फोन काढला, तिनं माझा हात खाली केला.

"काल आला असतास, तर तुझं काय बिघडलं असतं रे?" ती त्याला म्हणाली, आणि तिथेच मुळावर टेकून त्याच्याकडे बघत बसली.