दहावं माणूस

बब्रुवानकाका गेल्याची बातमी मला आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या शबाना सिस्टरांनी फोनवर दिली. कोरोनानं, सोलापूरच्या रुग्णालयात, सकाळी, ऑक्सिजनवर असताना. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "भाऊ, काकांची लस झालेली न्हवती. एक पण डोस न्हाय." मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं.

काका माझ्या वडिलांचे मित्र. अणदूरजवळच्या आमच्या गावात ते शेती करत, पण गावाला ठाऊक होते ते वाढपी म्हणून. लग्न असो, बारसं असो, खंडोबाचा भंडारा असो, खांद्यावर उपरणं आणि हातात आमटीची बादली घेऊन काका पंगतीत फिरत असायचे. वाढणाऱ्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं, हा रिवाज आमच्याकडं सगळेच पाळतात. काका जरा जास्तच पाळत. कित्येकदा त्यांच्या पानात गार भात आणि बादलीचा तळ तेवढा यायचा. कुणी हळहळलं की म्हणायचे, "आरं, गाव जेवलं न्हवं? मग झालं की!" आम्ही याचं कौतुक करत आलो. आता ते कौतुक आठवलं तरी चिडचिड होते.

लस आली तेव्हा सुरुवातीला डोस थोडे आणि रांग लांब होती. रांग लावायला काका उभे. आपली पाळी आली की मागच्या एखाद्या म्हाताऱ्याला पुढं काढायचे. इथपर्यंत समजू शकतो. पण पुढं डोस भरपूर आणि माणसं थोडी, असं उलटं झालं. एका कुपीत दहा जणांची लस. कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. त्यामुळं दहा माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपी उघडत नसत. शाळेच्या व्हरांड्यात नऊ जण ताटकळत बसलेले, आणि काका दहावं माणूस आणायला मोटारसायकलला किक मारताहेत, हे दृश्य गावानं कितीदा तरी पाहिलं. एकदा तर न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस त्यांनी उचलून आणला आणि वर सिस्टरांनाच विचारलं, "अर्ध्या दाढीला लस चालत न्हाय का ओ?" टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं, म्हणून त्यांनी घरची लाल प्लॅस्टिकची खुर्चीही आणून ठेवली होती.

दहावं माणूस तिथंच उभं होतं. ते सिस्टरांच्या ध्यानात आलं होतं. त्या म्हणायच्या, "काका, तुमीच बसा की. झाले दहा." काका म्हणायचे, "वाढप्यानंच आधी जेवायचं व्हय? माझं होतंय की!" सगळे हसायचे आणि विषय संपायचा.

मीही तिथं गेलो होतो, बातमी करायला. फोटोसकट छापली. काकांचं वय विचारलं, जमीन किती ते विचारलं, मोटारसायकल कोणत्या सालची तेही विचारलं. तुम्ही लस घेतली का, हे विचारलं नाही. गृहीत धरलं. पेशाचा पहिला धडा चुकलो.

पुढच्या लाटेत गावात घरोघरी ताप आला. बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत उतरला आणि माणसं हरभरा काढायला गेली. काका मात्र घरात एकटेच पडून होते. काकू वाशीला, लेकीच्या बाळंतपणाला. फोनवर काका त्यांना सांगत राहिले, "काय न्हाय, जरा खोकलाय." शेजाऱ्यांनी दार ढकललं तेव्हा त्यांना धड वाक्य बोलता येत नव्हतं.

तेराव्याच्या आत चहाच्या हॉटेलात चर्चा सुरू झाली. "सगळ्यात जास्त पळणारा गडीच गेला. मग काय उपेग तुमच्या सुईचा?" दुसरा डोस राहिलेली माणसं फिरकेनाशी झाली. सिस्टर लसीची बंद पेटी घेऊन व्हरांड्यात बसून परत जायच्या. ज्या कामासाठी काकांनी मोटारसायकल झिजवली, ते काम त्यांच्याच मरणानं बंद पडलं होतं.

खरं काय ते लिहायचं ठरवून मी काकूंकडं परवानगी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "लिवा. पर त्यांचं हसं करू नका." या वेळी मी विसरलो नाही. विचारलं, "काकू, तुमची लस झाली का?"

"ते घेतल्याबिगर म्या कशी घेऊ?"

जन्मभर त्या काकांच्या मागून जेवल्या. काका गावाच्या मागं, काकू काकांच्या मागं. दुःखाच्या घरात आवाज चढवू नये. मी चढवला. त्यांनी ऐकून घेतलं.

पुढच्या लसीच्या दिवशी व्हरांड्यात फक्त तिघं आले होते. काकू फाटकातून आत आल्या आणि त्या तिघांच्याही पुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "टोचा सिस्टर. माझ्या आधी जेवायचं आता कुणी ऱ्हायलं न्हाय."

सिस्टरांनी दहाची वाट पाहिली नाही. कुपी उघडली.

लाल खुर्ची भिंतीला लागून होती. काकांना तिच्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. काकू पदर सावरून बसल्या, आणि पूर्ण अर्धा तास उठल्या नाहीत.