मामांनी उकळलेली नळी

जगातली कुठलीही वस्तू वीस मिनिटं उकळल्याशिवाय वापरू नये, असं माझे मामा मनापासून मानत. सुप्याच्या एका डॉक्टरांकडे ते कंपाउंडर होते. काचेच्या सिरिंजा उकळणं हे त्यांचं काम, पण काम दवाखान्यात ठेवून घरी यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. घरी ते चमचे उकळत, दाढीचं ब्लेड उकळत. एकदा मामीचा नवा प्लॅस्टिकचा कंगवा उकळला. पातेल्यातून निघाला तेव्हा त्याचे दात चहूदिशांना पांगले होते. "वाकडा झाला, पन शुद्ध हाय!" मामा म्हणाले. मामी आठ दिवस बोलली नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात दवाखान्यात जुलाबानं सुकलेलं एक तान्हं पोर आलं. दूध ओढायचंही त्राण नव्हतं. नाकातून दूध घालायला डॉक्टरांकडे प्लॅस्टिकची एकच बारीक नळी होती, बंद पाकिटातली. कारखान्यातच निर्जंतुक केलीय, असं वर छापलं होतं. "केली आसंल, म्या पाह्यली का?" म्हणत मामांनी ती सिरिंजांबरोबर उकळत्या पाण्यात सोडली. सिरिंजा लखलखीत निघाल्या. नळी मात्र दुधाळ, लिबलिबीत आणि आतून चिकटलेली.

डॉक्टरांनी ती नळी बाजूला ठेवली. ते कापसाच्या बोळ्यानं पोराच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत बसले, आणि मामांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मिळेल तो ट्रक धरून ते नगरला गेले आणि दुपारी दुसरी नळी घेऊन आले. पाकीट हातात घेतलं आणि सवयीनं नजर स्टोव्हकडे गेली. मग त्यांनी आधी स्टोव्हची हवाच सोडून दिली.

"उकळायची न्हाई व्हय?" पोराच्या आईनं घाबरून विचारलं.

"न्हाई गं बाई. हिला न्हाई सोसत."

पोर वाचलं. पुढे कित्येक महिने त्या बिघडलेल्या नळीचे तुकडे मामांनी खिडकीत पारखायला ठेवले होते. स्पिरिटमधला ताठ झाला, उन्हातला पिवळा पडून मोडू लागला. "काचंला कितीबी छळा, सोसती. हे लई नाजूक," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

फार वर्षांनी नगरच्या दवाखान्यात मामांच्याच नाकात तसली नळी होती. मला खुणेनं जवळ बोलावून पुटपुटले, "उकळली न्हाई ना रं?"

"नाही मामा. पाकीट माझ्यासमोरच फोडलं."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

आता मामा नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. मामी अजून त्यांचा चमचा रोज वीस मिनिटं उकळते. कशाला म्हणून विचारलं, तर माझ्यावरच चिडते.