पुठ्ठ्यात गेलेले बेचाळीस कागद

आमची सून गेली अठरा वर्षं एका इस्पितळात, एकाच खोलीत काम करते. खोलीला खिडकी नाही. एक खाट, एक यंत्र, एक खुर्ची आणि हात धुवायचं भांडं. तिथे मेंदूचा आलेख काढतात. ती टेपने माणसाचं डोकं मोजते, रंगीत पेन्सिलने खुणा करते, केसांत भांग पाडून प्रत्येक खुणेवर मलम लावते आणि त्यावर एकवीस वायरी चिकटवते. मग दिवा मंद करून म्हणते, "आता झोप लागली तर खुशाल लागू द्या." डॉक्टरांना झोपेतला आलेख हवा असतो, आणि डोक्याला एकवीस वायरी लावून झोपणं काही सोपं नाही. सगळं झालं की ओल्या फडक्याने केसांतलं मलमही तीच पुसते. ते तिचं काम नाही. पण मलम वाळलं की केस ओढले जातात, म्हणून पुसते.

आलेखाचा अर्थ डॉक्टरांनी लावायचा. तिने कडेला फक्त लिहायचं: खोकला, गिळलं, डोळे उघडले.

तिला मेंदूविज्ञानाची पुढची पदवी घ्यायची होती. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही. यंदाचा अर्ज शेवटचा, कारण पहिल्या पदवीला वीस वर्षं उलटली की विद्यापीठ अर्जच घेत नाही, आणि तिचं हे विसावं वर्ष. शिफारसपत्र मागायला ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लिहून दिलं, "वायरी व्यवस्थित चिकटवते. वेळेवर येते."

"खोटं तर काही लिहिलं नाही ना," माझा मुलगा तिची समजूत काढत म्हणाला.

"खोटं नाही म्हणून तर जास्त राग येतो," ती म्हणाली.

आता माझा अपराध सांगतो. मला लिहायची सवय नाही, पण हे मीच सांगायला हवं. मी जन्मभर बाइंडिंगचं काम केलं. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी तिची ड्यूटी होती, म्हणून विद्यापीठात मी जायचं ठरलं. अर्ज, गुणपत्रिका, दाखले, शिफारसपत्र असे सगळे सुटे कागद तिने आदल्या दिवशी माझ्या हाती दिले. मला ते बघवेना. दोनदा सुनेचा अर्ज कुणी वाचला नाही तो अशाच सुट्या कागदांमुळे, कुठेतरी पान गळालं असणार, असं मी मनाशी धरून बसलो. सकाळी ती कामावर गेल्यावर मी पुठ्ठा, कापड, सुई-दोरा काढला.

पण कागद जेमतेम अकरा. एवढ्यावर पुस्तकाची पाठ धरत नाही. अशा वेळी आम्ही मागे रद्दी कागद घालून जाडी आणतो. टेबलाच्या खणात एक गठ्ठा सापडला, आलेखाच्या जुन्या यंत्राचा, फिकट चौकटी छापलेला जाड, सुरेख कागद. पाठीमागे बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. मी वाचलं नाही. बांधायला आलेला मजकूर वाचायचा नाही ही माझ्या उस्तादांची शिकवण, चाळीस वर्षं पाळलेली. मोजले तर बेचाळीस निघाले; सगळेच घेतले, कडा साफ कापल्या, शिवले, निळं कापड चढवलं.

खिडकीवरच्या कारकुनाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आजोबा, सुटे कागद म्हटलं होतं. हा काय लग्नाचा अल्बम आणलात?"

"उसवून देऊ का?"

"आता काय उसवता! पाच मिनिटांत खिडकी बंद. ठेवा."

मी खुशीत घरी आलो. दोन दिवसांनी सुनेने खण उघडला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, यातले कागद?"

मी उत्तर द्यायच्या आधी आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "गेले असतील पुठ्ठ्यात. यांच्या हाताला कागद लागला की तो सुटतो का! माझी रेशनची पावतीसुद्धा शिवतील एक दिवस."

त्या बारा वर्षांच्या नोंदी होत्या. कुणाचं नाव नाही, नंबर नाही. तिने स्वतःसाठी ठेवलेल्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ते वाचतील आणि हसतील, बाबा. ही बाई वायरी लावता लावता शास्त्रज्ञ व्हायला निघाली, म्हणतील." दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर जाऊन आली. एकदा नोंदलेला अर्ज परत मिळत नाही, असं तिला सांगण्यात आलं.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा घरात कुणाला धड आनंदही करता येईना. मी हट्टाने सोबत गेलो. मुलाखत लांबच लांब खोलीत होती, आणि उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं होतं. मी बाहेर बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मेंदूविषयी लहानपणापासून कुतूहल आहे, असं तुम्ही लिहिलंय," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "तसं सगळेच लिहितात. हे मागचे बेचाळीस कागद काय आहेत?"

"ते चुकून आलेत, मॅडम. माफ करा."

"चुकून? चांगले शिवून आलेत की!"

"घरात एक बाइंडर आहेत."

आत हशा पिकला. मी बाकावर अंग चोरलं.

"कसल्या नोंदी आहेत?"

"आलेख काढताना माणसाला झोप लागायला किती मिनिटं लागली, आणि त्या वेळी खोलीत घरचं माणूस होतं की नव्हतं. सहाशे बारा जणांच्या आहेत."

मग एक तरुण आवाज आला, जरा घाईचा. "पण आत कुणाला घ्यायचं ते तुम्हीच ठरवणार ना? रुग्ण जास्त घाबरलेला दिसला की त्याच्याजवळ माणूस बसवणार. मग दोन्हींची तुलना कशी करायची? सगळी मेहनत पाण्यात."

मी बाकाच्या कडेला सरकलो.

"मी नव्हते ठरवत, सर. तारीख ठरवायची," सून म्हणाली. "दारात रोज भांडणं व्हायची. त्याची बायको आत गेली, मग माझी आई का नाही? शेवटी मी पाटीच लावली. सम तारखेला एका नातेवाइकाने आत बसायचं, विषम तारखेला कुणीच नाही. लहान मुलांना तो नियम नव्हता, म्हणून त्यांच्या नोंदी यात घेतल्या नाहीत."

"आणि रुग्णाला तारीख कोण देतं?"

"खालची नोंदणीची खिडकी. त्यांना माझी पाटी माहीतही नाही."

आतून पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, संपलं. मग तोच तरुण आवाज, आता अगदी सावकाश, म्हणाला, "मॅडम, निवड आपल्या हाती ठेवायची नाही, हे आपण दोन वर्षं शिकवूनही मुलं चुकतात."

"काय दिसलं यातून?" बाईंनी विचारलं.

"माणूस जवळ असलं की सरासरी सहा मिनिटं लवकर झोप लागते. पण सगळ्यांना नाही."

"हो, इथे दिसतंय." बाई मोठ्याने वाचू लागल्या. "'नवरा शेजारी बसला. चाळीस मिनिटं, झोप नाही. नवरा चहाला गेला. चार मिनिटांत घोरणं.'"

सगळे खो-खो हसले. सूनही हसली असावी.

"अशा सतरा आहेत," ती म्हणाली. "त्या वेगळ्या काढून ठेवल्यात. नातं कागदावर लिहिता येतं. ते माणूस हवंसं आहे की नाही, हे कसं मोजायचं ते मला येत नाही. ते शिकायला आलेय."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबला होता. मी विचारलं, "उसवायला सांगितलं का?"

"नाही. ठेवून घेतलं. विभागातल्या सगळ्यांना वाचायला देणार म्हणाल्या."

यादी तीन आठवड्यांनी लागली. जागा बारा. मी, ही आणि सून, तिघंही गेलो. फलकापुढे खूप गर्दी. सून घुसली आणि नावांवर बोट ठेवून खालून वाचत वर जाऊ लागली. बारावं नाव, अकरावं, दहावं. सहाव्या नावापर्यंत बोट आलं तसा तिचा खांदा पडला. तिसऱ्यापाशी ती थांबली आणि मागे वळू लागली.

"अगं, अजून दोन आहेत!" आमची ही मागून खेकसली. "वाचायला पैसे पडतात का?"

तिचं नाव पहिलं होतं.

ती फलकाला टेकून उभी राहिली आणि एकदम इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या खोलीतला शिपाई बाहेर आला. आमच्या हिने त्याला ऐकवलं, "पहिली आलीय आमची सून. तुम्हीही वाचा!" त्यानेही बिचाऱ्याने वाचलं.

मग सुनेने डोळे पुसले, पर्स खांद्यावर नीट केली आणि त्याला विचारलं, "प्रवेशाचा फॉर्म कुठे मिळतो?"