टाचेपुरती जागा

अख्खी गल्ली त्यांना चकाचककाका म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीतून उठायच्या आत खालचे केस गोळा! उभा जन्म सलून चालवलं, पण फरशीवर केस पडलेला कुणी पाहिला असेल तर शपथ. तोच हात घरामागच्या बागेतही चालला आणि तिथेच सगळा घोळ झाला.

बाग काकूंची. डोंगरातून बी आणून त्यांनी एक झाड वाढवलं होतं, इथल्याच रानातलं, बारा महिने हिरवं. गळलेलं पान त्या कुणाला उचलू देत नसत. खोडापासून वीतभर जागा सोडून पानांचं कडं घालायचं आणि त्याची कड डाव्या टाचेनं दाबायची, ही त्यांची रीत. आजारपणात काकांनीच त्यांचे केस कापले, तेव्हा म्हणाल्या, "हे झाडाखाली घाला. आणि माझ्यामागे त्याला उघडं पाडू नका हं." काका "हो हो" म्हणाले आणि सवयीनं केस केराच्या पोत्यात गेले.

काकू गेल्या. काकांनी सगळं दुःख झाडूवर काढलं. बुंध्याशी पान म्हणून राहू दिलं नाही. वर्ष सरलं आणि झाड ओकंबोकं होऊ लागलं. हे गेलं तर ती दुसऱ्यांदा जाणार, या धास्तीनं काकांना घास उतरेना.

मग एका सकाळी बुंध्याशी पानांचं कडं! वीतभर जागा सोडून. काका लेकीवर उखडले, "चेष्टा सुचते होय गं?"

"बाबा, मी आत्ता उठतेय! तुमची शप्पथ."

काकांनी पानं पोत्यात भरून सलूनमध्ये नेली, शटरला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं आणि पोतं रिकामं. कडं पुन्हा झाडाखाली. कडेला फक्त डाव्या टाचेचे ठसे. पानांत एक लांब बट होती, मुळाशी पांढरी, टोकाला मेंदीची. काकांनी ती लगेच ओळखली, काकूंचीच. ते केस तर वर्षापूर्वीच कचरागाडीत गेले होते.

लेक झाडू घेऊन आली. "काढून टाकू?"

"हात लावशील तर खबरदार!" काका ओरडले आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडले. "चुकलं गं माझं," ते झाडाला म्हणाले.

वर एका फांदीला तांबूस पालवी फुटली होती. खाली कड एके ठिकाणी दाबायची राहिली होती, टाचेपुरतीच. काकांनी चप्पल काढून तिथे पाय ठेवला. पानं उबदार होती.