दिलंय काय, मागितलंय काय

आम्ही दोघी गणितं मोठ्यानं बोलून सोडवायचो. ती विचारणार, "दिलंय काय?" मी वाचून सांगणार. मग, "मागितलंय काय?" त्याशिवाय पेन उचलायचं नाही, हा तिचा नियम. मी वाशीच्या नव्या सेक्टरमधली, ती शेजारच्या गावातली आगऱ्याची लेक. दोघी मराठी शाळेतून आलेल्या, आणि बारावीचं फिजिक्स, कॅल्क्युलस सगळं इंग्रजीत! माझी दातखीळ बसायची. ती मात्र कोळंबी सोलावी तशी डेरिव्हेटिव्हं काढायची. तिला इंजिनियर व्हायचं होतं.

लग्न ठरलं तेव्हा तिनं बापाकडून एकच शब्द घेतला होता, आधी पेपर, मग हळद. पण फिजिक्सचा पेपर पुढं ढकलला आणि मेला नेमका हळद आणि लग्नाच्या मधल्या दिवशी आला. मुहूर्त काही ढकलला नाही. हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नसतो म्हणे.

मी तिच्या वडलांना म्हटलं, "काका, मी रिक्षातून नेते, रिक्षातून आणते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्यांनी हात जोडले. "पोरी, मना समजतंय. पन वाटंत काय बरंवाईट झालं, तर लोकं मना जगू देतील काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण जोडलेल्या हातांशी भांडणार कसं? एकटीच गेले पेपरला.

सुटल्यावर तडक तिच्या मांडवात. ती पाटावर बसलेली, कोपरापर्यंत पिवळी. मला बघताच म्हणाली, "दिलंय काय?"

मी प्रश्नपत्रिका उघडली. "चेंडू वर फेकलाय."

"मागितलंय काय?"

"सगळ्यात वर पोचला की ॲक्सिलरेशन किती. मी शून्य लिहिलं."

"येडी हायस काय गो? वर थांबला म्हनून पृथ्वीची ओढ थांबते काय?"

मग एकेक प्रश्न तिनं बसल्या जागी सोडवला, मांडीवर बोटानं आकडे काढत. लुगड्यावर हळदीचे फराटे उठले. शेवटचं झालं तशी हळूच म्हणाली, "मना किती मिलाले असते गो?"

"पैकीच्या पैकी."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. मांडवातल्या बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय. त्यांनीही डोळ्यांना पदर लावले.