सुगंधाच्या दोन बाई

मुलुंडच्या पाच रस्त्यापासून जरा आत असलेल्या शाळेत पद्मजा टिपणीस गणित शिकवायच्या. वडील अचानक गेले तेव्हा त्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या. गणित घेऊन बी.ए. व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. घरात आई, धाकटा भाऊ. मग नोकरी धरली. लग्नाचं आधी कुणी मनावर घेतलं नाही, पुढे त्यांनीही तो विषय सोडला. शाळेत मात्र त्यांचा दरारा असा, की त्या जिना चढू लागल्या की वर वर्ग गप्प होई.

चोपन्न साली आठवीच्या वर्गात त्या फळ्यावर भूमितीचा एक अवघड प्रश्न सोडवत होत्या. आकृतीत एक जादा रेघ ओढून त्यांनी सिद्धता पुरी केली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ती रेघ नसली तरी चालेल ना?"

बाईंनी खडू पुढे केला. "ये. करून दाखव."

सुगंधा परब पुढे आली. तेल थापलेल्या दोन वेण्या, थोरल्या बहिणीचा ढगळ झगा. तिनं रेघ पुसली आणि चार ओळींत प्रश्न सोडवून खडू परत दिला. पद्मजाबाई फळ्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या ती रेघ ओढत आल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्या सुगंधाच्या चाळीत गेल्या. तिचा बाप सहदेव पूर्वी परळच्या गिरणीत होता, आता मुलुंडच्याच एका कारखान्यात लागला होता. बाईंना दारात बघून तो गडबडला. "बाईनू, ह्या चेडवाच्या डोक्यात काय चलता ता माका कळणा नाय," तो पोरीकडे बघत म्हणाला. "तुमच्या हवाली केलंय."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सुगंधा बाईंच्या घरी येऊ लागली. बाईंची आई तिला पोहे द्यायची. बाई स्वतःची कॉलेजची जुनी पुस्तकं काढून बसायच्या. पोरगी गणितं फडशा पाडल्यासारखी सोडवायची, आणि पद्मजाबाईंना वाटायचं, आपलं राहिलेलं हिच्या हातून होणार. शिक्षकांच्या खोलीत त्या "माझी सुगंधा" म्हणू लागल्या, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेत गणित शिकवायला नीला सबनीस आल्या. बी.एस्सी., पहिला वर्ग, वय तेवीस, आणि हसत शिकवण्याची सवय. एका रविवारी सुगंधानं विचारलं, "बाई, उणे एकाचं वर्गमूळ नसतंच, की आपल्याला सापडत नाही?"

पद्मजाबाईंना नक्की सांगता येईना. त्यांचं शिक्षण त्याच्या अलीकडेच थांबलं होतं. "नसतं म्हणजे नसतं," त्या म्हणाल्या. "पुढचं गणित घे."

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत त्यांनी खिडकीतून पाहिलं. रिकाम्या वर्गात नीला फळ्यावर उणे एकाचं वर्गमूळ मांडून दाखवत होती, आणि सुगंधा जागेवरच उड्या मारत होती. आपल्याकडे ती कधी अशी नाचली नव्हती. त्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गाला विनाकारण उभं केलं.

मग रविवार चुकायला लागले. "नीलाबाईंनी शनिवारी बोलावलं होतं," सुगंधा निरागसपणे सांगायची, आणि तिथं काय शिकली ते उत्साहानं सांगत सुटायची. बाई ऐकत. नीलाच्या पातळाचा रंग, तिचं मोठ्यानं हसणं, पोरांनी तिच्याभोवती केलेला गराडा, सगळंच त्यांना टोचू लागलं. शोधली मी, आणि मिरवणार ही!

नववीच्या अखेरीस हेडमास्तर देवस्थळींनी पद्मजाबाईंना बोलावलं. "नीलाबाई म्हणतात, सुगंधाला दहावी गाळून एकदम अकरावीत, एस.एस.सी.च्या वर्गात बसवावं. तिचा वेळ फुकट जातोय. तुमच्या शब्दाशिवाय मी काही करणार नाही. काय वाटतं?"

हो म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण 'नीलाबाई म्हणतात' हे शब्द आडवे आले.

"भाषा कच्ची आहे तिची," पद्मजाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत गटांगळ्या खाईल. घाई नको."

देवस्थळींनी मान डोलावली. विषय संपला.

नीला दुसऱ्या दिवशी त्यांना जिन्यावर गाठून म्हणाली, "पद्मजाबाई, तिचं वर्ष घेतलंत तुम्ही. इंग्रजी महिन्याभरात सुधारलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"तू कालची आलेली. मला शिकवू नकोस," बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

त्या रविवारी सकाळी दार वाजलं. सुगंधा उभी होती, इंग्रजीचं पुस्तक छातीशी धरून.

"बाई, हेडमास्तर म्हणाले, माझी भाषा कच्ची आहे असं तुम्ही सांगितलंत. खरंच आहे ते. घरी कोण बोलणार इंग्रजी? तुम्ही शिकवाल ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बाईंना तेच सोसलं नाही. "बस," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेल्या. हेडमास्तरांकडे जाऊन शब्द मागे घ्यावा, असं त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या रोज मनात आलं. पण नीलासमोर खाली बघावं लागेल, या विचारानं पाऊल उचललं नाही. शाळा उघडली. सुगंधा दहावीतच बसली आणि वर्षभर खिडकीबाहेर बघत राहिली.

इंग्रजी मात्र बाईंनी जीव तोडून शिकवलं. स्वतः पहाटे उठून धडे तयार केले, निबंध पुन्हा पुन्हा लिहून घेतले. गणित शनिवारी नीलाकडे, इंग्रजी रविवारी यांच्याकडे. कधी सुगंधाच्या वहीला शनिवारचा खडू लागलेला असे, आणि बाईंचं धड्यातलं लक्ष उडे.

अठ्ठावन्न साली एस.एस.सी.ला सुगंधा शाळेत पहिली आली. गणितात तर पैकीच्या पैकी. सत्काराला सहदेव कारखान्यातून रजा घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सुगंधा बोलायला उभी राहिली.

"मला गणित नीलाबाईंनी शिकवलं," ती म्हणाली. "आणि इंग्रजी पद्मजाबाईंनी. मी कच्ची आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणूनच माझं इंग्रजी सुधारलं."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या नीलानं पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. सहदेव पुढे येऊन दोघींच्या पाया पडला, आधी नीलाच्या.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाली गं सुगंधा?"

"इंग्रजी चांगलं शिकवलं म्हणाली."

"इंग्रजी? अगं, तू तर गणिताची ना?"

पद्मजाबाईंनी पदर खोचला. "भाजी कसली केलीस?" असं विचारत त्या स्वयंपाकघरात गेल्या.