कोरड्या बोगद्याचा पंचनामा

बोगद्याच्या कंत्राटदाराने आपल्याच ड्रिलवाल्याला चोर ठरवून फसवलं आणि त्यासाठी आमचं पोलीस ठाणं वापरलं. ती घटना आजही आठवली की आधी डोकं तापतं, मग तो ड्रिलवाला सुटला हे आठवून जीव थंड होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलातल्या टेकडीतून कालव्यासाठी बोगदा खोदणं चालू होतं. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलने खडकात भोकं पाडायची, जिलेटिनच्या कांड्या भरून सुरुंग उडवायचा, दगड उपसून पुन्हा ड्रिल लावायचं, असं ते काम. एका सकाळी ड्रिल चालू असतानाच स्फोट झाला. ड्रिलवाला रक्तबंबाळ होऊन दवाखान्यात पोचला आणि कंत्राटदार आमच्या ठाण्यात. त्याची फिर्याद तयार होती: ड्रिलवाल्याने कांड्या चोरून खडकाच्या फटीत लपवल्या, त्या उडाल्या. कांड्यांचं कोठार कंत्राटदाराच्याच ताब्यात, त्यामुळे कांड्या कमी दाखवणं सोपं होतं. "जंगलातल्या लोकांना पोचवत असणार," असंही त्याने हळूच जोडलं. म्हणजे नक्षलवाद्यांना. त्या काळी आमच्या भागात एखाद्याचं आयुष्य संपवायला एवढं वाक्य पुरत असे. वरून आदेश आला आणि जखमीचा हात खाटेला बेडीने अडकवून पहारा बसला.

मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्याची बायको दारात उभी होती.

"जयभीम, साहेब. त्याईले ऐकू येत नाई. तुमी चोर म्हनता थे बी त्याईले माहीत नाई. बाकीचे वाचले का, एवढंच इचारून राह्यले."

प्रश्नच ऐकू न आल्याने त्याचा जबाब राहिला. मी पोलिसात येण्याआधी विहिरींच्या सुरुंगकामावर राबलो आहे. नवं भोक सुरू करताना ड्रिलची सळई खडकावरून घसरते. मग मागच्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकातच टोक टेकवायचा मोह होतो. पण त्याच्या तळाशी न उडालेली दारू असू शकते. म्हणून स्फोटानंतर खडकाची भिंत पाण्याने धुवायची, जुनी भोकं तपासून त्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि नवं भोक त्यांच्यापासून लांब घ्यायचं. बोगद्यावरच्या मुकादमाने जबाबात छातीठोक सांगितलं, "धुतलं, तपासलं, खुंट्या ठोकल्या." मला ते पटलं नव्हतं, पण खोडून काढायला हातात काही नव्हतं.

अशात एक म्हातारा शेतकरी ठाण्यात आला. शेजाऱ्याने नाल्याचं पाणी ओढलं, याच्या शेतातली धानाची बांधी कोरडी पडली.

मी भडकलो. "भाऊ, इथे स्फोटाची केस चालू आहे. तलाठ्याकडे जा."

"तलाठी म्हनते ठाण्यात जा, तुमी म्हनता तलाठ्याकडं जा. माह्या धानानं कुठी जावं?"

"त्याने पाणी ओढलं तरी कशाने?"

"इंजिनानं! त्याच्या घरी सायकलीचा पंप नव्हता कधी. आता जावई कंत्राटदार हाय ना. बोगद्यावरचाच पंप आनून देल्ला."

मी टोपी घातली आणि पंचांना घेऊन निघालो. बांधीत पंप धडधडत होता. अंगावर कॉम्प्रेसरसारखाच पिवळा रंग आणि बोगद्याच्या कामाचा क्रमांक. स्फोटाच्या आधीपासून तो इथे आहे, हे शेजाऱ्याच्या सालगड्यानेच सांगितलं. पंप इथे होता, तर तिथे खडकाची भिंत धुतली कशाने? पंचनामा करून पंप जप्त केला.

तिथून थेट बोगद्यात. मुकादमाला सोबत घेतलं. पंपाचा पंचनामा दाखवला तर म्हणाला, टँकरच्या पाण्याने धुतलं. स्फोटाच्या जागेच्या एका बाजूला मागच्या सुरुंगाची भोकं शिल्लक होती, कोरड्या भुकटीने बुजलेली. एकातही खुंटी नव्हती.

"खुंट्या पडल्या असतीन, सायेब."

"असेल. कॉम्प्रेसर बंद आहे, हवा नाही. नुसती सळई उचल आणि त्या भोकात टेकव."

त्याने सळई उचलली असती तर मीच हात धरला असता. तो दोन पावलं मागे सरला.

"नको, सायेब."

"काऊन? तुम्ही तर तपासलं ना?"

"लेकरंबाळं हायेत मले."

"आणि त्याला नाहीत?"

मुकादम खाली बसला आणि बोलू लागला. ड्रिलवाल्याने पाणी मागितलं होतं, ड्रिल बाजूला ठेवलं होतं. त्यावर कंत्राटदार सगळ्यांसमोर ओरडला होता, "जुन्या भोकातच लाव, नाही तर घरी जा." मग एकेक करून बाकीचे मजूरही तेच सांगू लागले.

न्यायालयात अहवाल गेला, चोरीचा आरोप मिटला. बेडी मी स्वतः काढली. कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "तू सुटलास!"

तो मनगट चोळत म्हणाला, "सायेब, तुमी रागावून राह्यले का बोलून राह्यले?"

त्याची बायको हसली. किती दिवसांनी दवाखान्यातला पहारेकरीही हसला. ड्रिलवाल्याचे डोळे वाचले होते, कानही पुढे बरेच सुधारले. तेव्हापासून पाण्याच्या भांडणाची तक्रार मी शेवटपर्यंत ऐकू लागलो.

स्फोटातल्या हयगयीच्या आरोपपत्रात मात्र एकटा मुकादम राहिला. कंत्राटदाराचं नाव एका वरिष्ठाने गाळायला लावलं आणि मी हुज्जत घातली म्हणून माझी बदली केली. ते वरिष्ठ आता माझ्यासारखेच निवृत्त आहेत, हे वाचतील. पंप बांधीत होता, पंचनामा तुमच्या टेबलावर होता, मुकादमाचा जबाब त्याला जोडलेला होता. साहेब, मग ते नाव का गाळलं? मला नका सांगू. त्या ड्रिलवाल्याच्या घरी जा आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.